आठव्या अध्यायाचे तीन बुधवार

सोमवार, ३ फेब्रुवारी

पाळकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी निरोप धाडला की या आणि पुढच्या बुधवारचा अभ्यासवर्ग मी घ्यावा, रविवारचे दोन उपदेशही मीच करावेत. तिसऱ्या बुधवारपर्यंत ते उभे राहतील, न राहिले तर तोही माझाच. विषय माझ्यावर सोडला. मी चौथ्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय घेतला. या एका अध्यायावर माझ्याकडे अकरा ग्रंथ आहेत आणि बावीस वर्षं मी त्याच्याभोवती घिरट्या घालतो आहे. या अध्यायात प्रभू मऊ बोलत नाही. लोक तोंडावर विचारतात, तू स्वतःला समजतोस कोण? आणि तो तोंडावर सांगतो. आपल्या मंडळीला सध्या मऊ बोलण्याचीच सवय लागली आहे. ती मोडली पाहिजे.

वेळेचा प्रश्न नाही. आमच्या धुलाई कारखान्यात तीन इस्पितळांच्या आणि चार हॉटेलांच्या चादरी येतात. मी रोलर विभागाचा मुकादम. दोघी बायका ओल्या चादरीचे कोपरे धरून ती यंत्राच्या तोंडाशी लावतात, तापलेला रोलर ती ओढून घेतो आणि पलीकडून कडक, गुळगुळीत चादर बाहेर पडते. बोटं आत जाऊ नयेत म्हणून तोंडासमोर आडवा दांडा असतो. दांड्याला हात लागला की रोलर जागच्या जागी थांबला पाहिजे. रोज सकाळी मुकादमाने तिन्ही रोलरांचे दांडे ढकलून पाहायचे आणि भिंतीवरच्या आठवड्याच्या तक्त्यावर ‘ठीक’ लिहून सही करायची, असा नियम आहे. मी सोमवारीच सहाही दिवसांच्या सह्या करून टाकतो. दांडे काही रोज उठून बिघडत नाहीत. त्यामुळे दररोज अर्धा तास हाती लागतो, तो सामानाच्या खोलीत बसून मी वाचनाला देतो. गेलं वर्षभर माझा सगळा अभ्यास याच अर्ध्या तासांवर उभा आहे. लोक म्हणतात, कामावर जाऊन तुम्ही एवढं वाचता कधी? त्यांना काय सांगणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिला वर्ग. एकवीस माणसं. पाळकांच्या वर्गाला कधी बाराच्या वर कोणी येत नाही.

मी थेट बाराव्या वचनापासून सुरुवात केली. पहिल्या अकरा वचनांत त्या बाईची हकीकत आहे, जिला धरून आणतात आणि दगड मारू का म्हणून विचारतात. ती जुन्यात जुन्या हस्तलिखितांत नाही. नंतर कोणीतरी आत बसवली. हे मी सगळ्या पुराव्यांसह सांगितलं. तेवढ्यात शंकाबाईंनी हात वर केला. या बाई माझ्याच विभागात दोन नंबरच्या रोलरवर आहेत. मेलेल्या बहिणीच्या दोन मुली सांभाळतात. शाळा चौथीपर्यंत, पण प्रश्न विचारल्याशिवाय घरी जायच्या नाहीत, म्हणून वर्गाने त्यांचं हे नाव ठेवलं आणि त्यांनीही ते हसत घेतलं. मला मात्र त्या वर्गातही ‘भाऊ’ न म्हणता ‘मुकादम’च म्हणतात. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत.

त्या म्हणाल्या, “मुकादम, त्या बाईचा भाग तुम्ही गाळलात.”

मी हस्तलिखितांचं परत समजावलं.

“असेल. पण छापलाय की,” त्या म्हणाल्या. वर्ग हसला. मीही हसलो, पण लय तुटली ती तुटलीच.

पुढे मात्र रंगलो. लोक त्याला विचारतात, तू कोण? आणि तो म्हणतो, मी आहे यावर तुमचा विश्वास बसला नाही तर तुम्ही तुमच्या पापात मराल. नुसतं ‘मी आहे’. अमुक आहे, तमुक आहे असं पुढे काहीच नाही. मी म्हणालो, आपण ‘मी’ म्हटलं की लगेच त्याला काहीतरी चिकटवतो. मी मुकादम, मी वडील, मी शहाणा. चिकटवलेलं सगळं खरवडून काढा, खाली काय उरतं? ओली भिंत. ज्याला काहीही चिकटवावं लागत नाही असा एकच आहे, आणि तो त्या दिवशी मंदिरात उभा राहून बोलत होता. 

शंकाबाई म्हणाल्या, “मग माणसाने ‘मी’ म्हणूच नये का?”

“म्हणावं, पण भीतभीत,” मी म्हणालो. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘वा’ म्हणालं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दहा वाजून वीस मिनिटांनी शंकाबाईंचा उजवा हात दोन नंबरच्या रोलरमध्ये गेला.

मी सामानाच्या खोलीत एकतिसाव्या वचनावर होतो. ओरडणं ऐकून धावलो. त्यांची जोडीदारीण दोन्ही हातांनी दांडा ढकलत होती, अंगाचा सगळा भार घालून, आणि रोलर फिरतच होता. मुख्य बटण मी बंद केलं. चादर पलीकडून बाहेर आली होती. तिचं वर्णन लिहीत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

इस्पितळात गेलो. दोन बोटं पेरापासून काढली, तळवा भाजला आहे. हात वाचेल म्हणतात, पण रोलरचं काम आता त्यांच्याकडून होणार नाही. शुद्धीवर होत्या. मला पाहून आधी म्हणाल्या, पुढच्या बुधवारी माझी जागा धरून ठेवा. मग म्हणाल्या, रोलर थांबला नाही हो. दांडा मी ढकलला, जोडीदारणीने ढकलला.

मी त्यांच्या उशाशी उभा राहून शब्द दिला, की चौकशी होईल तेव्हा मी बोलेन. असा बोलेन की भिंती हलतील. आसपासच्या खाटांवरचे लोकही ऐकायला लागले. नर्सने मला हळू बोलायला सांगितलं.

कारखान्यात वेगळीच कुजबुज आहे. दांड्याला चादरीची चिंधी बांधलेली सापडली. म्हणे त्या चिंधीनेच दांडा अडकला आणि ती शंकाबाईंनी बांधली, कारण दांडा मध्ये आला की काम मंदावतं. शुद्ध थापा. बायका तिन्ही दांड्यांना चिंध्या बांधतात त्या हात पुसायला. हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. कंपनीला आता कोणाच्या तरी गळ्यात हे अडकवायचं आहे. पण गाठ माझ्याशी आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मॅनेजरने बोलावलं. टेबलावर माझा तक्ता. मला वाटलं, आता वाद होणार, मी मनात मुद्दे लावून गेलो होतो. त्याने चहा मागवला. म्हणाला, विभागात शिस्त असावी तर तुमच्यासारखी. अपघाताच्या दिवशी सकाळीसुद्धा दांडा तपासलेला आहे, ‘ठीक’ आहे, सही आहे. म्हणजे सकाळी दांडा चालू होता आणि दहा वाजता चालला नाही. मधल्या वेळात त्याला काय झालं? चिंधी बांधली गेली. सरळ आहे.

मी म्हणालो, चिंध्या रोजच्याच आहेत. तो म्हणाला, मग रोज दांडा ठीक कसा होता? मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तर सुचलं नाही, हे लिहून ठेवतो, कारण असं क्वचित होतं.

मग त्याने बोट तक्त्याच्या शेवटाकडे सरकवलं. “मुकादम, अक्षर तुमचं मोत्यासारखं आहे. पण आज शनिवारचे अकरा वाजलेत, दोन नंबरला परवापासून सील आहे. आणि इथं काल ठीक, आज ठीक.”

कानात वाफ सुटल्यासारखं झालं.

तो चिडला नाही. ड्रॉवर उघडून त्याने कोरा तक्ता काढला आणि जुन्यावर ठेवला. म्हणाला, अठरा तारखेला कारखाना निरीक्षक येणार, तोवर हा नीट लिहून आणा, गुरुवारपर्यंतचाच. जुना फाडून टाका. आणि मी काही बोलायच्या आत: “तुम्ही खोटं कुठे लिहिताय? जास्तीचं आहे ते फक्त गाळायचं.”

दोन्ही कागद घरी आणले. विचार करायला आणले, एवढंच.

रविवार, ९ फेब्रुवारी

उपदेश जगाच्या प्रकाशावर. असा उपदेश मी आजवर केला नव्हता. मंदिराच्या अंगणात उंच दीपस्तंभ पेटायचे, सगळं शहर उजळायचं, आणि त्या दिव्यांखाली उभा राहून एक माणूस म्हणतो, प्रकाश मी आहे. माझ्यामागे याल तर अंधारात चालणार नाही. दोन बायका रडल्या. मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. बायको घरी येताना काही बोलली नाही. डोकं दुखत असेल.

दुपारी तक्ता लिहिला. खूप विचार केला. जे वर्ष वर्ष होत नाही ते एका दिवशी झालं, म्हणून मी नोकरी घालवावी का? मी नसलो तर शंकाबाईंच्या बाजूने बोलणार कोण? मी आत असलो तरच आतून काही करू शकतो. नोंद नीट करायची, आणि चौकशीत यंत्राच्या जुनेपणावर, कंपनीच्या हव्यासावर असा हल्ला चढवायचा की चिंधीचा मुद्दा उरणारच नाही. भाषणाचा आराखडा मनात तयार आहे. तीन मुद्दे.

सोमवार आणि मंगळवार निळ्या पेनाने लिहिले, बुधवार आणि गुरुवार काळ्या. रोजचं रोज लिहिल्यासारखं दिसावं म्हणून.

वरचं वाक्य लिहून बराच वेळ थांबलो होतो.

जुना तक्ता फाडला नाही. अकरा ग्रंथांतल्या सगळ्यात जाड ग्रंथात ठेवला. का, सांगता येत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

नवा तक्ता मॅनेजरला दिला. त्याने न पाहताच फाईलला लावला.

आज सकाळी दांडे स्वतः ढकलून पाहिले. एक नंबर लगेच थांबला. तीन नंबर थांबला, पण दांडा ढकलल्यावर वीतभर आणखी फिरून. वीतभर म्हणजे बोटं, तळवा आणि मनगट. मेकॅनिकला बोलावून फैलावर घेतलं. तो शांतपणे पान्याने नट आवळत म्हणाला, हे तर मागच्या पावसाळ्यापासूनच आहे, दोन नंबरचंही तसंच होतं. तुमच्या तक्त्यावर रोज ठीक यायचं, मग मी कशाला हात लावू?

हल्लीच्या मेकॅनिकांना जबाबदारीची जाणीव म्हणून नाही.

त्याला आजचा आजच तीन नंबर दुरुस्त करायला लावला. हात धुवायला वेळ लागला. दांड्याच्या बिजागरीचं वंगण साबणाने जात नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुसरा वर्ग. तेवीस माणसं. शंकाबाई आल्या. हात गळ्यात अडकवलेला, चेहरा उतरलेला, पण आल्या. थोरल्या भाचीने आज ब्लाउजची बटणं लावून दिली आणि म्हणाली, मावशी, आता तू माझी मुलगी, असं सांगून स्वतःच हसल्या. बायका त्यांच्याभोवती जमल्या. त्यांना कंपनीची नोटीस आली आहे: सुरक्षेच्या दांड्याला अडथळा बांधून स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घातला. हे सिद्ध झालं तर नोकरीही गेली आणि भरपाईही.

मी सत्य आणि मोकळीक हा भाग घेतला. तुम्हाला सत्य समजेल आणि सत्य तुम्हाला मोकळं करील. ऐकणारे चिडतात. आम्ही कोणाचे गुलाम कधी झालोच नाही, म्हणतात. मी आवाज चढवला. बघा, परक्या राज्याचे शिपाई त्यांच्या चौकात उभे, कर त्यांच्या खिशातून जातो, आणि हे म्हणतात आम्ही गुलाम नव्हतो! बाहेरचं जग आज हेच बोलतं. ज्यांनी सत्य ऐकलं नाही त्यांची ही गत.

शंकाबाई म्हणाल्या, “एकतिसावं वचन परत वाचता का?”

वाचलं. ज्या लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता त्यांना तो म्हणाला.

“म्हणजे हे बाहेरच्यांना नाही, आतल्यांना सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “विश्वास ठेवलेलेच गुलाम. ते कसं?”

मी एकतिसाव्या वचनावर गुरुवारी अर्धा तास बसलो होतो आणि हे माझ्या नजरेला पडलं नव्हतं. मी म्हणालो, त्यांचा विश्वास वरवरचा होता. त्या म्हणाल्या, ते त्यांना तरी माहीत होतं का? मी म्हणालो, बाई, प्रत्येक वचनात फांदी धरून लोंबायचं नसतं, झाड बघायला शिका. जरा जोरात बोललो असेन. त्यांनी डाव्या हाताने पुस्तक मिटलं.

वर्ग संपल्यावर दाराशी थांबल्या होत्या.

“मुकादम, मंगळवारी तुम्ही साक्षीला आहात ना? एक विचारू? गुरुवारी सकाळी तुम्ही दांडा ढकललात तेव्हा रोलर थांबला होता?”

मी हातातली टिपणं जुळवू लागलो.

“नाही, मी इस्पितळात पडल्या पडल्या तेच आठवत होते. चिंधी आम्ही त्या कडेला बांधतो की या कडेला, मलाच आता आठवेना. तुम्ही पाहिलंत तेव्हा थांबला असेल, तर मग माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. तुमची सही आहे म्हणजे थांबलाच असेल.”

“नोंद आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिल्या. मग गेल्या.

मी खोटं बोललो नाही. नोंद आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या शर्टाची उजवी बाही समोर धरून म्हणाली, अहो, या आठवड्यात डाग आहे.

मी म्हणालो, वंगण आहे, दांड्याचं.

“माहीत आहे. पूर्वी रोज असायचा. घासून घासून माझी नखं जायची.” तिने बाही घडीत दुमडली. “मग वर्षापूर्वी बंद झाला.”

मी काय म्हणायचं आहे ते स्पष्ट म्हण म्हणालो. ती म्हणाली, काही नाही, डाग बंद झाला तेव्हा मला बरं वाटलं. म्हणून मी विचारलं नाही. कळलं मला तेव्हाच, पण माझे कष्ट वाचत होते.

मग मी बोललो. बरंच बोललो. एका माणसाची बारीकशी ढिलाई आणि एका कंपनीचा वर्षानुवर्षांचा हलगर्जीपणा यांत फरक असतो, साधनं आणि साध्य, मोठं युद्ध आणि लहान माघार, असं पुष्कळ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटचा शर्ट ठेवून उठली.

“हे मला नका सांगू. मी काही मंडळी नाही.”

तेवीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच असं बोलली. की आधीही बोलली होती आणि मी ऐकलं नव्हतं, आता खात्री देता येत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आजचा उपदेश त्याच अध्यायातल्या सगळ्यात कडक भागावर होता. तुमचा बाप कोण, हा वाद. तुम्ही ज्याचं ऐकता तो तुमचा बाप, आणि लबाडीलाही एक बाप आहे. बारा पानांची टिपणं होती.

उपदेशाच्या आधी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचायची आमची रीत आहे. लोक दारातल्या पेटीत चिठ्ठ्या टाकतात, व्यासपीठावरचा माणूस त्या मोठ्याने वाचतो, मग सगळे मिळून प्रार्थना. पाच चिठ्ठ्या होत्या. आजारपण, परीक्षा, प्रवास, नोकरी. पाचवीचं अक्षर वेडंवाकडं, रेघ सोडून खाली घसरणारं. डाव्या हाताने लिहिलेलं.

‘रोलरवर माझ्या हातून जी चूक झाली आणि जिच्यामुळे मुकादमांच्या विभागाला डाग लागला, तिची मला क्षमा व्हावी.’

शंकाबाई तिसऱ्या बाकावर होत्या. मान खाली.

मी ती वाचली नाही. खिशात ठेवली.  कोणीतरी खोकलं. मग उपदेश सुरू केला. चव्वेचाळिसाव्या वचनापाशी, लबाडीच्या बापापाशी, आलो आणि पुढे एक शब्द येईना. शब्द नव्हते असं नाही, बारा पानं समोर होती. तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. अकराव्या मिनिटाला आशीर्वाद उच्चारून खाली उतरलो. सगळ्यांना वाटलं, तब्येत बिघडली. एकाने लिंबूपाणी आणून दिलं. मी ते प्यायलो. तब्येत ठीक आहे, हे त्याला सांगितलं नाही.

मी तिला शब्द दिला होता की मी बोलेन. माझी सही तिच्याविरुद्ध बोलते आहे, आठवडाभर, दररोज, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. तिचा तिच्या स्वतःच्या हातावरचा विश्वास मी काढून घेतला. रोलरने दोन बोटं घेतली, बाकीचं मी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

एक आणि तीन नंबरचे दांडे तपासले. दोन नंबरला सील आहे, तिथे ‘सील’ लिहिलं. फक्त आजची सही केली.

उद्यासाठी चार पानांचं निवेदन तयार केलं. सुरुवात चांगली साधली आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मॅनेजरच्या खोलीतच चौकशी. निरीक्षक बाई साठीच्या आतल्या, बारीक, चष्मा दोरीने गळ्यात. एका बाजूला शंकाबाई आणि त्यांची जोडीदारीण, दुसऱ्या बाजूला मॅनेजर, त्याच्यासमोर फाईल. जोडीदारणीने सांगितलं, मी दांडा ढकलत होते, रोलर थांबला नाही. मॅनेजर म्हणाला, मैत्रीण आहे, ती हेच सांगणार.

मला विचारलं तेव्हा मी उठलो, कागद उलगडले आणि म्हणालो, महोदया, या प्रकरणाकडे पाहताना आपण आधी एक मूलभूत गोष्ट...

“बसून बोला,” बाई म्हणाल्या. “भाषण नको. सहा तारखेला सकाळी दोन नंबरचा दांडा तपासलात?”

मी बसलो. मॅनेजर फाईलकडे पाहत होता.

“नाही.”

“पाच तारखेला?”

“नाही.”

“त्या आठवड्यात एकदा तरी?”

“नाही. वर्षभरात नाही.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फाईलमधला तक्ता माझ्याकडे फिरवला. “मग हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“कधी?”

“नऊ तारखेला. घरी. दोन पेनं वापरून.” मी पिशवीतून जुना तक्ता काढून त्याच्याशेजारी ठेवला. “हाही मीच. हा तीन तारखेचा, सहाही दिवस एकदम लिहिलेले. यात आठ तारखेलाही दांडा ठीक आहे.”

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. बाहेर पिळणीयंत्रं घरघरत होती. मॅनेजर म्हणाला, आपल्याला याची काहीच कल्पना नव्हती. मी तिकडे पाहिलंही नाही. कोरा तक्ता कोणी दिला, हे बाईंनी विचारल्यावर तेही सांगितलं, आणि मेकॅनिक जे म्हणाला तेही. चार पानांतलं एकही वाक्य कामी आलं नाही. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील.

तिन्ही रोलरांना आता सील आहे. चिंधीच्या आरोपाला आधार दिसत नाही, असं बाईंनी तिथेच लिहून घेतलं. निकाल नंतर. मला आजपासून कामावरून दूर केलं आहे, आणि खोट्या नोंदीबद्दल माझ्यावर वेगळी कारवाई होईल. सही करा म्हणाल्या. सही केली, ती मोत्यासारखी नाही.

बाहेरच्या बोळात शंकाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी जवळ गेलो. क्षमेचं काहीतरी जुळवत होतो. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, गळ्यातल्या हाताकडे पाहत होत्या.

“म्हणजे मी नव्हते,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, नव्हतात.

“मी बांधलं नव्हतं.”

“नाही.”

“बारा दिवस,” त्या म्हणाल्या. “बारा दिवस मी डोळे मिटले की स्वतःला ती चिंधी बांधताना बघत होते. दिसायची मला. खरीच दिसायची.” मग एकदम ताठ झाल्या. वळून फाटकाकडे चालायला लागल्या, अशा भराभर, की जोडीदारणीला पळत गाठावं लागलं. मागे वळून पाहिलं नाही.

बोळात मी एकटाच होतो. मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. भूक लागली होती, एवढंच.

बुधवार, १९ फेब्रुवारी

जायचं नाही असं ठरवलं होतं. बायको चपला घालून दारात उभी राहिली. म्हणाली, वर्ग घ्यायला नका जाऊ. बसायला चला.

बातमी आमच्याआधी पोचली होती. पाळक काळा चष्मा लावून खुर्चीवर होते, मला पाहून त्यांनी मान डोलावली आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, बरं झालं आलात. पहिल्या उपदेशानंतर ज्यांनी हात धरून ठेवला होता ते ज्येष्ठ खिडकीबाहेर बघत होते. मागच्या बाकावर मी बसलो, बायको बायकांमध्ये. माझ्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. इथून व्यासपीठ फार लांब दिसतं. हे मला माहीत नव्हतं.

शंकाबाई उशिरा आल्या. आत आल्या तशी सगळ्यांची बोलणी थांबली. त्या मला पाहून मधल्या वाटेतच थबकल्या. परत फिरतात की काय असं वाटलं. पण पाळकांनी त्यांना विचारलं, माझे डोळे अजून अक्षर धरत नाहीत, शेवटची वचनं तुम्ही वाचाल का? त्यांनी पुस्तक पुढच्या बाकाच्या पाठीवर टेकवून, डाव्या हाताने धरून, उभ्याउभ्याच वाचलं. हळूहळू, बोट फिरवल्यासारखं. अब्राहाम, त्या लोकांचा मूळपुरुष, होण्यापूर्वी मी आहे, असं तो म्हणतो. तेव्हा लोक त्याला मारायला दगड उचलतात, आणि तो लपून मंदिराबाहेर निघून जातो.

पुस्तक मिटलं नाही. पाळक म्हणाले, बोला, कोणाला काही विचारायचंय?

सगळ्यांना माहीत होतं कोण विचारणार.

“खरं तो बोलला,” शंकाबाई म्हणाल्या. “आणि लपून बाहेर जावं लागलं तेही त्यालाच. दगड ज्यांच्या हातात होते ते आतच राहिले. मग मोकळं कोण झालं?” त्या पाळकांकडे पाहत नव्हत्या. सबंध वर्गावरून मागे, माझ्याकडे पाहत होत्या. हळूहळू सगळ्या माना फिरल्या.

उत्तरं होती माझ्याकडे. अकराही ग्रंथ एकदम घशाशी आले. त्याची वेळ अजून आली नव्हती म्हणून तो बाहेर गेला, हे एक. आत राहिलेलेच खरे कोंडले गेले, हे दुसरं, आणि ते फार छान मांडता आलं असतं. मी उठून उभा राहिलो.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

 उभं राहून एवढंच बोलायची सवय नाही, त्यामुळे बसायचं कधी ते कळेना. शेवटी बसलो. शंकाबाई वाटेत तशाच होत्या, पुस्तक छातीशी. मग मागे चालत आल्या, माझ्या बाकापाशी थांबल्या.

“सरका थोडं,” त्या म्हणाल्या.